पहिल्या दिवसाचा वकील

आमच्या भागात कोणी पकडला गेला की घरचे आधी पोलीस पाटलाकडे जातात, मग सरपंचाकडे, मग एखाद्या पुढाऱ्याच्या ओळखीच्या माणसाकडे. सगळीकडून हात हलवत परत आले की वकील आठवतो. तोवर तीन-चार दिवस उलटलेले असतात. बैल विकायचा की चांदीची कडी गहाण टाकायची यावरून घरात भांडणे होऊन गेलेली असतात. पोरगा पोलीस कोठडीत असतो आणि बऱ्याच कागदांवर त्याचे अंगठे उमटलेले असतात. चिंचपाड्यात राहून नवापूरच्या कोर्टात फौजदारी कामे करायला लागून मला आता वीसेक वर्षे होत आली. या वर्षांनी एक गोष्ट मनात पक्की बसवली. आरोपीला वकील पहिल्या दिवशी लागतो. पुढे दोन-तीन वर्षे खटल्यात जी झटापट चालते, तिचा निम्मा निकाल पहिल्या चोवीस तासांतच लागून गेलेला असतो.

चिंचपाडा हे सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचे, नवापूर आणि खांडबाऱ्याच्या मधले स्टेशन. सीमेपलीकडे गुजरातच्या तापी जिल्ह्यातला उच्छल तालुका. तिकडे दारूबंदी, इकडे दारू मिळते, त्यामुळे दारूच्या गाड्या पकडल्या जाणे नेहमीचे. गाडीचा मालक क्वचितच सापडतो. सापडतो तो ड्रायव्हर, नाहीतर रोजंदारीवर खोकी चढवायला गेलेला एखादा पोरगा. बाकी बांधावरून फुटलेली डोकी, लग्नात नाचताना झालेल्या मारामाऱ्या, मोहाची दारू, आणि अधूनमधून एखाद्या म्हातारीला डाकीण ठरवून केलेली मारहाण. माणसे बहुतेक आदिवासी, घरात मावची बोलणारी. कोर्टाचे काम मराठीत चालते आणि वरच्या कोर्टांचे निकाल इंग्रजीत येतात.

सुरुवातीच्या काळातला असाच एक खोकी चढवणारा पोरगा. विशीही ओलांडलेली नसेल. त्याच्या मामाने पहाटे माझ्या दारात येऊन हाका मारल्या म्हणून मी पहिल्याच दिवशी कोर्टात उभी राहू शकले. दुपारी चारच्या पुढे आरोपींना आणतात. फाइल टेबलावर जाते, सरकारी वकील पोलीस कोठडी मागतात, तपास अधिकारी कारणे वाचतात. मग न्यायाधीश आरोपीकडे पाहून विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" पोराने मान हलवली. नाही. दोन मिनिटांत प्रकरण पुढे सरकले असते. मी परवानगी मागितली आणि तोच प्रश्न मावचीत विचारला. तो खाली बघत म्हणाला, डाव्या कानाने ऐकू येत नाही, कालपासून. साहेबांनी पेन खाली ठेवले. पुन्हा नीट विचारायला सांगितले, मी विचारत गेले, उत्तरे मराठीत सांगत गेले, ती जशीच्या तशी नोंदली गेली. त्याला पुन्हा वैद्यकीय तपासणीला पाठवण्याचा आदेश झाला आणि पोलीस कोठडी नाकारली गेली. कानाचा पडदा फाटल्याचा दाखला आला. दोन वर्षांनी खटला उभा राहिला, तेव्हा त्याने म्हणे स्वतःहून दाखवलेल्या जागेवरून माल जप्त केल्याचा पंचनामा आमच्यापुढे आला. त्या पंचनाम्याला उत्तर देणारा एकच कागद आमच्या हातात होता. तो पहिल्या दिवशीचा होता.

त्या दिवसानंतर मी कायद्याची पुस्तके वेगळ्या डोळ्यांनी वाचू लागले. संविधानाच्या अनुच्छेद २२ मध्ये सगळे आहे. अटकेची कारणे सांगायची, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ द्यायचा, प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करायचे. बिहारमधल्या भागलपूरला पोलिसांनी आरोपींचे डोळे फोडले होते. त्या प्रकरणात १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले की गरीब आरोपी पहिल्यांदा पुढे आणला जाईल तेव्हाच न्यायदंडाधिकाऱ्याने त्याला सांगायचे, तुला सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. १९८६ मध्ये अरुणाचलमधल्या सुक दास यांची शिक्षा रद्द झाली, कारण त्यांचा खटला वकिलाविना चालला होता. त्यांनी वकील मागितलाच नव्हता, ही सबब न्यायालयाने मानली नाही. आणि मुंबईवरच्या हल्ल्यातल्या अजमल कसाबची फाशी कायम करणाऱ्या २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालातही सर्वोच्च न्यायालयाने हाच मुद्दा पुढे नेला. पहिल्या हजेरीला आरोपीला वकिलाच्या हक्काची जाणीव करून देणे हे न्यायदंडाधिकाऱ्याचे कर्तव्य, आणि त्यात कसूर झाली तर त्याची खात्यामार्फत चौकशी होऊ शकते. ज्याच्याबद्दल देशात कोणाच्या मनात दयामाया नव्हती, त्याच्या निकालातून आमच्या खोकी उचलणाऱ्या पोराच्या कामाचे वाक्य निघाले. त्या निकालाची प्रत मी आजही बॅगेत ठेवते.

भाषेबद्दल मात्र फार उशिरा कोणी बोलले. मुंबईतल्या एका मोटार अपघाताच्या प्रकरणात ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अटकेची कारणे लेखी द्यायची, अटक झालेल्याला समजते त्या भाषेत द्यायची, आणि कोठडीसाठी कोर्टापुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी द्यायची. वाचून मला फार बरे वाटले. पण मावचीत सरकारी कागद निघत नाही. म्हणजे लेखी कारणे मराठीत येणार आणि ती वाचून, उलगडून सांगणारे माणूस तिथे लागणार. ते माणूस पोलीस ठाण्यातलेच असेल तर त्या दोन तासांना काय अर्थ उरतो, हे आमच्याकडच्या कोणालाही विचारा.

पहिल्या दिवशी आणखी एक घोटाळा होतो, तो ओळखीच्या माणसांमुळे. "कबूल करून टाक, लवकर सुटशील." हा सल्ला पोलिसांपेक्षा गावातल्याच कुणा शहाण्याने दिलेला मी जास्त वेळा ऐकला आहे. पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात ते होते, आता भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. पण त्या कबुलीतून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. म्हणून कोयता, काठी, पैसे सापडल्याचे पंचनामे होतात. एका मारामारीच्या खटल्यात मी पंचाला उलटतपासात विचारले, तुम्ही कोयता प्रथम पाहिला तेव्हा तो कुठे होता? साक्षीदार साधा माणूस. म्हणाला, टेबलावर होता, कागदाला बांधलेला. सही कुठे केली? चहाच्या टपरीवर. कोर्टात सगळे गप्प झाले. तो माणूस खोटे बोलायला आला नव्हता. त्याला बोलावले, सही कर म्हटले, त्याने केली. अशा किती सह्यांवर किती माणसे आत गेली असतील, याचा हिशेब कोणाकडे असणार?

जामिनाबद्दल जास्त लिहायला हवे, कारण आमच्याकडची माणसे तिथेच अडकतात. जामीन मंजूर झाला की घरच्यांना वाटते, सुटला. खरे तर तिथून दुसरी फरफट सुरू होते. जामीनदार हवा, त्याचा सातबारा हवा, ऐपतीचा दाखला हवा. आमच्या गावांत सातबारा अजून आजोबाच्या नावावर असतो, वारसांची नोंद झालेली नसते. ज्यांना २००६ च्या वनहक्क कायद्याने जमीन मिळाली, त्यांचा वनपट्टा विकता येत नाही, म्हणून जामिनासाठी तो पुढे केला की आडकाठी येते. एका आरोपीच्या बहिणीचा नवरा उच्छल तालुक्यातला होता. चांगली पाच-सहा एकर बागायत. तो जामीन राहायला आला तर कागद गुजरातचे म्हणून परत पाठवला. जेवायला जाऊन यावे इतक्या अंतरावरचे गाव, पण मध्ये राज्याची सीमा. १९७८ साली मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातल्या गवंड्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी नेमक्या याच अडवणुकीला चूक ठरवले होते. तिथे जामीनदाराची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. मी तो निकाल दाखवला, वर अर्ज केला, जामीनदार स्वीकारला गेला. पण तोवर तो माणूस जामीन मंजूर होऊनही कितीतरी आठवडे आत होता. त्याची मिरचीची लागवड त्या वर्षी झालीच नाही. बायकोने दुसऱ्याच्या शेतात निंदणी केली आणि तारखांचा प्रवासखर्च भागवला.

देशातल्या तुरुंगांत २०२२ साली दर चार कैद्यांमागे तीन कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही असे. त्यांतले कितीजण जामीन मिळूनही जामीनदाराविना अडकलेले, हे तुरुंगात गेल्याशिवाय कळत नाही. ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यावर सूचना दिल्या. जामीन मिळून सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे, महिन्याभरात जामीनपत्र भरले गेले नाही तर अट सैल करता येईल का ते कोर्टाने स्वतःहून पाहायचे. मी आता प्रत्येक जामीन आदेशाची तारीख वहीत लिहून ठेवते आणि आठव्या दिवशी त्याच सूचनेचा हवाला देऊन अर्ज टाकते. जामीनपात्र गुन्ह्यात तर आठवडाभरात जामीन भरू न शकणारा माणूस गरीबच समजायचा आणि जातमुचलक्यावर सोडायचा, असा कायदाच आहे. तो आपण होऊन कोणी वाचून दाखवत नाही. कोणीतरी उठून म्हणावे लागते.

दिवाळी झाली की आमची अर्धी गावे ऊसतोडीला दक्षिण गुजरातकडे जातात. तारीख पडते जानेवारीत. समन्स पोलीस पाटलाच्या घरी येऊन पडते. दोन तारखा चुकल्या की अजामीनपात्र वॉरंट निघते. होळी आमचा सगळ्यांत मोठा सण, कुठेही असले तरी माणसे होळीला घरी येतात. मग वॉरंटेही होळीलाच बजावली जातात. ढोल वाजत असताना माणूस उचलून नेलेला मी पाहिला आहे. त्याचा मूळ गुन्हा दोन थपडांचा होता. तेव्हापासून वकीलपत्रावर सही घेण्याआधी मी पहिला प्रश्न विचारते, दिवाळीनंतर कुठे असणार? मुकादमाचा नंबर घेते, कारखान्याचे नाव घेते. हजेरीमाफीचा अर्ज वेळेवर दिला तर बहुतेक न्यायाधीश तो मंजूर करतात. पकडणाऱ्यालाही सोडवणाऱ्यालाही माणूस कुठे आहे एवढेच माहीत हवे असते.

या तारखांना कंटाळून पुष्कळजण किरकोळ प्रकरणांत गुन्हा कबूल करून टाकतात. दंड भरला की मोकळे. एकदा एका लग्नातल्या मारामारीत चार पोरांनी असेच करायचे ठरवले. माझ्याकडे आले ते फक्त दंड किती पडेल हे विचारायला. त्यांतला एक पोलीस भरतीसाठी रोज पहाटे नवापूर रस्त्याने पळायचा. मी त्याला बाजूला घेतले आणि सांगितले, कबुली म्हणजे दोषसिद्धी, भरतीच्या फॉर्मवर ती लिहावी लागेल. तो घाबरला. प्रकरण चालवले, फिर्यादीशी नंतर रीतसर तडजोड झाली. दंडाची रक्कम लहान असते म्हणून कबुली लहान होत नाही, हे मी कोर्टाबाहेरच्या झाडाखाली आता प्रत्येकाला सांगते.

बायकांच्या बाबतीत माझा अनुभव थोडा वेगळा आहे. त्या एकदा ऐकलेले विसरत नाहीत. बचत गटाच्या बैठकीत मी सांगितले होते की सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याने न्यायदंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घेऊनच करायची. पुढे एका संध्याकाळी मोहाची दारू गाळणाऱ्या बाईला न्यायला पथक आले, तर पाड्यावरच्या सात-आठ बाया दारात उभ्या राहिल्या आणि परवानगीचा कागद मागितला. कागद नव्हता. पथक परत गेले. सकाळी नोटीस आली, ती बाई माझ्याबरोबर ठाण्यात जाऊन जबाब देऊन घरी आली. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक गरजेची का, याची कारणे पोलिसांनी लिहायची असतात, नाहीतर नोटीस देऊन बोलवायचे असते. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितले आहे. त्या बाईला तो निकाल माहीत नव्हता. तिला संध्याकाळ झाली एवढे माहीत होते.

सगळ्यांत अवघड गेले ते डाकिणीच्या मारहाणीचे काम. एका म्हाताऱ्या बाईला रात्री घरातून ओढून काढून मारले होते. तिचा हात मोडला होता, तोंड सुजून ओळखू येत नव्हते. तिला दवाखान्यात पाहून आलेली मी, आणि आरोपींचा बचाव करायची नेमणूक विधी सेवा समितीकडून माझ्याच नावाने आली. घरात वाद झाला. मैत्रिणी बोलेनाशा झाल्या. एका सहकाऱ्याने सुचवले, संघटनेचाच ठराव करू, कोणी वकीलपत्र घ्यायचे नाही. असे ठराव सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच बेकायदा ठरवले आहेत, हे मी दाखवले. पण कायदा दाखवून माझे माझेच समाधान होत नव्हते. शेवटी फाइल उघडली. तिघांची नावे फिर्यादीत होती. त्यांतला तिसरा त्या रात्री गावात नव्हताच. तो टोळीबरोबर ऊसतोडीला होता, मुकादमाच्या वहीत त्याची उचल आणि हजेरी होती. म्हातारीच्या मुलाने जुन्या जमिनीच्या रागातून त्याचे नाव घातले होते. मुकादमाला साक्षीला आणले, वही आणली. दोघांना शिक्षा झाली, तिसरा सुटला. त्या दोघांची शिक्षा मला योग्य वाटली, आजही वाटते. त्यांचा बचाव मी मन लावून केला होता, म्हणून त्या शिक्षेबद्दल कोणाला शंका घेता आली नाही. म्हातारीलाही नंतर हे समजावून सांगायला मी गेले. तिने मला चहा दिला.

बचाव नीट झाला नाही तर काय होते, याचे महाराष्ट्रातले उदाहरण माझ्या डोळ्यांपुढे कायम असते. भटक्या जमातीतल्या सहा माणसांना २००३ च्या एका खून-बलात्काराच्या गुन्ह्यात फाशी ठोठावली गेली होती. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांना फाशीच दिली. मग त्याच न्यायालयाने प्रकरण पुन्हा ऐकले आणि ५ मार्च २०१९ रोजी सगळ्यांना निर्दोष सोडले, प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. वाचलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांच्या फोटोंमधून आधी वेगळीच माणसे ओळखली होती, आणि तो कागद खटल्यात मागेच राहिला होता. सोळा वर्षे. मी हा निकाल नव्या वकील मुलामुलींना वाचायला देते तेव्हा सांगते, फाशीचा भाग नंतर वाचा, आधी तो कागद शोधा.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे अनुसूचित जमातीच्या माणसाला, कोणत्याही बाईला आणि कोठडीतल्या कोणालाही उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. म्हणजे चिंचपाड्यातल्या जवळजवळ प्रत्येक घराला. तरी लोक जमीन गहाण टाकून वकील करतात, कारण फुकटचा वकील मन लावून लढत नाही अशी समजूत आहे. ही समजूत हवेतून आलेली नाही. विधी सेवेच्या कामात मोबदला तुटपुंजा असतो, तो वेळेवर मिळत नाही, आणि काही वकील केवळ तारीख घेण्यापुरते उभे राहतात. २०२२ पासून पूर्णवेळ बचाव वकिलांची पद्धत जिल्ह्याजिल्ह्यांत येऊ लागली आहे. पगारी वकील, ज्यांनी खासगी कामे घ्यायची नाहीत. या पद्धतीवर माझा विश्वास आहे, पण ती जिल्ह्याच्या गावी थांबता कामा नये. अटक होते ती पाड्यावर, रात्री, बऱ्याचदा सुट्टीच्या आदल्या दिवशी. सुट्टीतल्या कोठडीच्या वेळी तालुक्याला कोण वकील हजर असेल, त्याचे नाव आणि फोन नंबर प्रत्येक पोलीस ठाण्याच्या दर्शनी भिंतीवर लावा, त्याच्याबरोबर मावची बोलणारा एक विधी स्वयंसेवक नेमा, आणि आरोपी ठाण्यात आला की त्या नंबरवर फोन केल्याची वेळ स्टेशन डायरीत लिहा. एवढे मागणारा अर्ज मी विधी सेवा समितीला दिला आहे. त्यातल्या पहिल्या दोन गोष्टींना तत्त्वतः होकार आला आहे. तिसरीसाठी माझे म्हणणे पुढच्या बैठकीत ऐकणार आहेत. तोवर १५१०० हा विधी सेवेचा नंबर बाजारात भाजी घेताना, लग्नाच्या मांडवात, दवाखान्याच्या ओसरीवर मी ज्याला त्याला मोबाइलमध्ये साठवायला लावते, आणि पकडून नेले तर कोणाकडे जाण्याआधी हा फिरवा, पोलीस पाटलाकडे नंतर जा, असे सांगते.